पंगतीतला वाद आणि एका धर्माचा विस्तार

येशूच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम मिळाले ते यरुशलेममध्ये नव्हे, तर अंत्युखिया नगरात, असे नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते. आजच्या तुर्कस्तानातील या नगरात यहुदी व ग्रीक अनुयायी एका पंगतीस बसत. पहिला मोठा वाद उद्भवला तो याच संदर्भात.

यहुदियाहून आलेल्या काहींनी आग्रह धरला की, ग्रीकांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळल्याखेरीज त्यांना तारण नाही. इ. स. ४९च्या सुमारास यरुशलेममध्ये बैठक भरली. पेत्र, पौल, बर्णबा व येशूचा भाऊ याकोब तेथे उपस्थित होते. सुंतेची सक्ती नको, असा निर्णय झाला. मात्र मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी व व्यभिचार वर्ज्य ठरले.

निर्णय झाला तरी मने लगेच बदलली नाहीत. याकोबाकडून माणसे येताच पेत्र ग्रीकांच्या पंगतीतून उठला, बर्णबाही त्याच्यामागे गेला आणि आपण पेत्राला सर्वांसमक्ष जाब विचारला, असे पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नमूद करतो. बहुतेक अभ्यासक हा प्रसंग बैठकीनंतरचा मानतात.

या निर्णयाचे महत्त्व भूगोलात आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या नगरांत स्थलांतरित यहुद्यांची सभास्थाने होती. एकेश्वरवादाने आकृष्ट झालेले अनेक ग्रीक तेथे येत. परंतु सुंतेच्या उंबरठ्यावर थबकत. तो उंबरठा आता दूर झाला. पौल नव्या नगरात बहुधा प्रथम सभास्थान गाठी आणि सर्वांना समजणाऱ्या ग्रीक भाषेत बोले. करिंथमध्ये तो तंबू बनविण्याचा व्यवसाय करीत अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याकडे राहिला. सम्राट क्लौद्याच्या आज्ञेमुळे त्या दोघांना रोम सोडावे लागले होते. संदेश असा व्यवसाय, घरे व स्थलांतर यांच्या वाटेने पसरला.

या विस्ताराची किंमतही होती. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे मंडळ्यांत बिगरयहुद्यांची संख्या वाढत गेली आणि यहुदी घरात जन्मलेली ही चळवळ हळूहळू त्या घरापासून दुरावली. ज्या निर्णयाने जगाचे दार उघडले, त्यानेच मूळ घराशी असलेले नाते सैल केले.