काळीवर उभी राहणारी पांढरी

मराठवाड्यातील जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पेरणी काळीत करावी व घर पांढरीत बांधावे, असा संकेत होता. या विभागणीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. पाणी मिळताच फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या जमिनीवर भिंत टिकत नाही, हे माळवदाच्या घरात राहणाऱ्यांना ठाऊक होते. आज परभणी शहराच्या चहूबाजूंना हा संकेत मोडून काळीवरच नवी पांढरी उभी राहत आहे. ती उभी करणारा वर्ग प्रामुख्याने शिक्षक, कारकून आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले कर्मचारी यांचा आहे.

या वर्गाला दोष देण्यात अर्थ नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ असे म्हणत या गावाने आजवर अनेकांना सामावून घेतले. 1972 मध्ये येथे कृषी विद्यापीठ आले, महाविद्यालये आणि कचेऱ्या वाढल्या, 2011 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालम येथील कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी परभणीत बिऱ्हाड करू लागली आणि भाड्याच्या दोन खोल्यांत दहा-वीस वर्षे काढल्यावर स्वतःच्या घराची ओढ त्यांना लागली. सिडकोने औरंगाबाद व नांदेड येथे नियोजनबद्ध वसाहती वसविल्या; परभणीच्या वाट्याला तसे भाग्य आले नाही. साहजिकच वसमत, जिंतूर व गंगाखेड रस्त्यांलगतच्या शेतांत चुन्याच्या रेघा पडू लागल्या आणि एका गुंठ्याचा, म्हणजे 1089 चौरस फुटांचा, तुकडा हेच सामान्य माणसाचे स्वप्न होऊन बसले.

खरी अडचण येथूनच सुरू होते. शेतजमीन बिगरशेती केल्याशिवाय आणि तिचे रेखांकन मंजूर झाल्याशिवाय तिच्यावर वसाहत उभी करता येत नाही. मंजूर रेखांकनात रस्त्यांची रुंदी ठरते, गटारांना वाट मिळते, मोकळी जागा राखली जाते. हा खर्च आणि ही जागा वाचविली की भूखंड स्वस्त होतो. म्हणजे ग्राहकाला मिळणारी सवलत ही त्याच्याच भावी रस्त्याची आणि गटाराची किंमत असते. पहिल्याच पावसाळ्यात मुलांना चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन शाळेला जावे लागते, तेव्हा या स्वस्ताईचा अर्थ उमगतो.

व्यवहाराची रीत तर याहून चिंताजनक आहे. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच झाली पाहिजे, हा दंडक 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि 1908 चा नोंदणी कायदा यांनी घालून दिलेला आहे. तरीही मुद्रांकावर करारनामा लिहून, नोटरीचा शिक्का घेऊन ‘बाँडवर’ भूखंड घेणारे सुशिक्षित लोक कमी नाहीत. अशा कागदाने मालकी मिळत नाही. मिळते ती केवळ एक आशा. मूळ शेतकऱ्याच्या वारसांनी हक्क सांगितला किंवा तोच तुकडा दुसऱ्याला विकला गेला, की आशाही संपते. शिवाय मराठवाड्यात निजामी राजवटीपासून चालत आलेल्या मदतमाश आणि खिदमतमाश इनाम जमिनी आहेत. त्यांच्या हस्तांतरणावरील बंधने सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात दडलेली असतात. पण तो रकाना वाचण्याची तसदी कितीजण घेतात?

नोंदणी झाली म्हणजे सर्व निर्वेध झाले, हाही भ्रमच. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो, मालकीची हमी देत नाही. मालमत्ता कराची पावती हाही मालकीचा पुरावा नव्हे. सदोष कागदांवर बँक कर्ज देत नाही. मग पतसंस्थेचे कर्ज, भविष्य निर्वाह निधीतील उचल आणि पत्नीचे दागिने असा मार्ग उरतो. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे थोडेच आहे, त्याच्यावरच सर्वांत मोठा धोका येतो.

शासनाने यावर उपाय केले नाहीत असे नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने त्या वर्षाच्या 1 जानेवारीपर्यंतचे भूखंड नियमित करण्याची सोय केली. 2021 मध्ये ही मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढविण्यात आली. या सवलतीमुळे अनेक कुटुंबांना दिलासा मिळाला, हे नाकारता येणार नाही. परंतु प्रत्येक मुदतवाढ नव्या बेकायदा विक्रेत्याला ‘पुढे सगळे नियमित होते’ असे सांगण्याची सोय करून देते. नियमित झालेला कागद अरुंद रस्ता रुंद करीत नाही आणि विकून टाकलेली मोकळी जागा परत आणीत नाही.

कागदाइतकाच मातीचाही विचार हवा. बेसाल्टपासून बनलेल्या येथील खोल काळ्या मातीत उथळ पाया घेतला, तर पावसाळ्यात दारे अडकतात आणि वैशाखात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेणे, जोत्याला काँक्रीटचा पट्टा देणे आणि सांडपाणी भिंतीपासून दूर काढणे, याला पर्याय नाही. स्वस्त भूखंडावर वाचलेला पैसा अशा वेळी जमिनीखालीच जातो. तो तेथे घातला नाही, तर घरच जाऊ लागते.

तेव्हा ग्राहकाने सातबारा, फेरफार, बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन पाहावे, जाणत्या वकिलाकडून निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा, नियोजन क्षेत्रातील पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या प्रकल्पाची महारेराकडील नोंदणी तपासावी, हे ठीकच आहे. पण सारा भार एकट्या ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. मंजूर रेखांकनांची यादी व नकाशे महापालिकेत, तलाठी कार्यालयात आणि नोंदणी कार्यालयाच्या दारावर ठळकपणे लावणे फारसे खर्चाचे काम नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लहान, परवडणारे आणि कायदेशीर भूखंड सार्वजनिक संस्थांनीच उपलब्ध करून दिले पाहिजेत. प्रामाणिक मार्ग महाग आणि लांबचा राहिला, तर माणसे आडवाटेनेच जाणार.

जुन्या गावाने पांढरीची जागा एकत्र बसून, विचार करून ठरविली होती. आजचे शहर तिची निवड दलालाच्या चुन्याच्या रेघेवर सोपवीत आहे. एका शिक्षकाची तीस वर्षांची मिळकत त्या रेघेच्या आत अडकलेली असते, याचे भान परभणीच्या कारभाऱ्यांनी ठेवले पाहिजे.