संगणकाची कार्यप्रणाली बदलताना अपयश आले तर

घरच्या संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, बदलण्याचे काम सुरू करावे, पडद्यावरील टक्केवारीचा आकडा सावकाश चढत जावा, यंत्र दोन-तीन वेळा बंद होऊन पुन्हा सुरू व्हावे, आणि अखेरीस केलेले सर्व बदल मागे घेतले जात असल्याची सूचना दिसावी, हा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी माणूस गोंधळून जातो. एक तर तोच प्रयोग तो पुनःपुन्हा करतो, किंवा हार्ड डिस्क सरसकट पुसून टाकतो. पहिल्या मार्गाने वेळ वाया जातो. दुसऱ्याने कुटुंबाची छायाचित्रे, मुलांचे लेखन आणि घरचे हिशेब कायमचे नाहीसे होतात. वस्तुतः अपयश कोणत्या टप्प्यावर आले याची नोंद यंत्र स्वतःच करून ठेवीत असते. ती नोंद वाचून मग उपाय योजावा, एवढेच सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल आपण विंडोज १० वरून विंडोज ११ कडे जाण्याचा प्रसंग घेऊ. यांपैकी पहिली प्रणाली २०१५ साली आणि दुसरी २०२१ साली प्रसृत झाली. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्यामुळे हा बदल करणे असंख्य घरांना भाग पडले.

हा बदल एका दमात होत नाही; त्याचे चार टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात जुनी प्रणाली चालूच असते. नव्या फाईली उतरवून घेणे, डिस्कवरील जागा मोजणे आणि यंत्राची पात्रता तपासणे ही कामे त्यात होतात. दुसऱ्या टप्प्यात एक छोटी, तात्पुरती प्रणाली यंत्राचा ताबा घेते व जुनी प्रणाली बाजूस सारून तिच्या जागी नवी मांडते. तिसऱ्या टप्प्यात नवी प्रणाली प्रथमच सुरू होते आणि यंत्राला जोडलेल्या उपकरणांशी तिची गाठ पडते. चौथ्या टप्प्यात उरलेली मांडणी पूर्ण होऊन यंत्र वापरास सिद्ध होते. नवे घर राहण्याजोगे झाल्याची खात्री पटेपर्यंत शहाणा माणूस जुने घर पाडीत नाही; संगणकही तेच करतो. म्हणूनच मध्येच अडथळा आला तर तो बहुधा सुखरूप परत फिरतो. ‘बदल मागे घेत आहे’ ही सूचना म्हणजे संकट नव्हे, ती संरक्षणाची व्यवस्था होय. ती चालू असताना घाबरून वीज बंद करणे हेच खरे संकट.

यंत्र परत फिरले की पडद्यावर पुष्कळदा एक सांकेतिक क्रमांक दिसतो. तो षोडशमान पद्धतीचा असल्याने त्यात अंकांबरोबर रोमन अक्षरेही येतात, आणि आरंभी शून्य व एक्स ही खूण असते. ती खूण वगळून ‘सी१९००१०१ – ३००१८’ हा क्रमांक पाहू. त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागातील पहिला अंक टप्पा दाखवितो: १ असल्यास पहिला टप्पा, २ असल्यास दुसरा, याप्रमाणे ४ पर्यंत. येथे तो ३ आहे. म्हणजे नवी प्रणाली प्रथम सुरू होताना अडथळा आला. पहिला भाग कारणाची जात सांगतो. ‘सी१९००१०१’ याचा रोख बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे असतो. उपकरण आणि कार्यप्रणाली यांच्यात दुभाषाचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. जुना दुभाषी नव्या धन्याची भाषा जाणत नाही, आणि काम खोळंबते.

निदान झाले की उपाय सोपा होतो. वरील प्रकारात कळफलक, माउस व पडदा यांखेरीज प्रिंटर, कॅमेरा, बाहेरची डिस्क इत्यादी सर्व उपकरणे काढून ठेवावीत, उत्पादकाकडील नवे ड्रायव्हर घालावेत, आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा. ‘८००७००७०’ हा क्रमांक आल्यास डिस्कवर पुरेशी जागा नाही असे समजावे. अनावश्यक फाईली हलवून जागा मोकळी करावी. क्रमांक दिसलाच नाही, तर मायक्रोसॉफ्टचे सेटअपडायग हे साधन यंत्राने ठेवलेल्या नोंदी तपासून कारण शोधून देते.

काही यंत्रे मात्र पहिल्याच टप्प्यात अपात्र ठरतात. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइटची डिस्क, मान्य यादीतील प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते. ही शेवटची गोष्ट अनेक यंत्रांत असते, पण बंद ठेवलेली असते. यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये जाऊन ती चालू करता येते. तेथे हात घालण्यापूर्वी एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर या फेरफारानंतर यंत्र ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती हाताशी नसेल, तर डिस्क शाबूत असूनही आतील काहीच वाचता येणार नाही. म्हणून ती किल्ली आधी शोधून कागदावर उतरवून ठेवावी. प्रोसेसरच जुना असेल, तर वारंवार प्रयत्न करणे व्यर्थ होय. अशा यंत्रावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घालून ते उपयोगात ठेवता येते.

बदल यशस्वी झाला तरी जुन्या प्रणालीच्या फाईली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात साधारणतः १० दिवस राहतात. नवी प्रणाली गैरसोयीची वाटल्यास या मुदतीत सेटिंग्जमधून मागे जाता येते. नंतर ती वाट बंद होते.

परंतु परत फिरण्याची ही सोय म्हणजे कागदपत्रांची दुसरी प्रत नव्हे. डिस्कच निकामी झाली, तर जुनी प्रणाली व नवी प्रणाली दोन्ही एकदमच जातात. यास्तव काम आरंभण्यापूर्वी मोलाच्या फाईलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, त्यांतील दोन-चार फाईली उघडून पाहाव्यात, आणि ती डिस्क यंत्रापासून अलग करून ठेवावी. एवढे केल्यावर अपयश आले, तरी ते केवळ वेळेचे नुकसान ठरते. यंत्र पुन्हा उभे करता येते. हरवलेले छायाचित्र पुन्हा घेता येत नाही.