कलाशाखेची पदवी : परीक्षा आणि श्रेयांक

१८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे स्थापन झालेल्या विद्यापीठांचे कार्य मुख्यतः परीक्षा घेण्याचे होते. अध्यापन महाविद्यालयांकडे असे. १८५८ मध्ये कलकत्त्याच्या पहिल्या बी.ए. परीक्षेत दोघेच उत्तीर्ण झाले : बंकिमचंद्र चट्टोपाध्याय व यदुनाथ बोस, आणि तेही एका विषयात काही गुण वाढवून दिल्यानंतर! परीक्षेत तरून जाणे म्हणजेच पदवी, ही समजूत पुढे दीर्घकाळ टिकली. मधेच शिक्षण सुटलेल्याच्या हाती मात्र काहीच उरत नसे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने हे मोजमाप बदलले. साधारणतः १५ तासांच्या व्याख्यानांस एक श्रेयांक धरला जातो. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० श्रेयांक लागतात. इतिहास मुख्य विषय असला, तरी गौण विषय, भाषा व कौशल्ये यांचे अभ्यासक्रमही पुरे करावे लागतात. अर्थात, छोट्या महाविद्यालयात अध्यापकच नसतील, तर ही निवड कागदावरच राहते.

पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक व उन्हाळ्यातील ४ श्रेयांकांचा व्यवसायाभ्यास पुरा करून जाणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. तीन वर्षांच्या आत त्याला परत येता येते. मात्र एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण व्हावी लागते.