प्रोब कोणाच्या हातात?

बारावी सायन्स झाली, नीटचे गुण एमबीबीएसपर्यंत पोचले नाहीत, पण मुलीने मेडिकल लाइन सोडू नये असं घरच्यांना वाटतं. अशा वेळी फोंड्यात कुणीतरी हमखास सुचवतं: सोनोग्राफीचा कोर्स कर, तिस्कापासून वरच्या बाजारापर्यंत क्लिनिकं आहेत, नोकरीला मरण नाही. सल्ला मायेपोटीच दिलेला असतो, पण त्यात कायदा राहून जातो.

कोर्स केला की आपण स्वतः सोनोग्राफी करणार, हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. अमेरिकेत तसं घडतं. तिथे सोनोग्राफर पोटावर प्रोब फिरवतो, प्रतिमा टिपतो आणि डॉक्टर त्या पाहून निदान करतो. ते व्हिडिओ बघून आपल्याकडच्या मुलांना इथेही तसंच असेल असं वाटतं. भारतात मात्र 1994चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा, म्हणजे पीसीपीएनडीटी, आडवा येतो. केंद्र नोंदणीकृत हवं, मशीन नोंदणीकृत हवं आणि तपासणी करणारी व्यक्ती नियमांत सांगितलेल्या पात्रतेची डॉक्टर हवी: रेडिओलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर. मूतखडा बघायचा असला तरी मशीन तेच असतं, त्यामुळे तिथेही प्रोब डॉक्टरच्याच हातात. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘डॉक्टर बाहेर गेलेत, तू जरा बघून घे’ असं कुणी म्हणालंच, तर नाही म्हणण्याची तयारी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हवी.

‘सहा महिन्यांत सोनोग्राफी’ हेही कानावर येतं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण खरोखरच आहे. 2014च्या नियमांत त्याची तरतूद आहे, पण ते एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठी. बारावीच्या मुलाने तेवढ्याच मुदतीचं एखादं प्रमाणपत्र मिळवलं, तर ते भिंतीवर लावता येईल. प्रोब हातात घेता येणार नाही.

मग त्या खोलीत डॉक्टरशिवाय दुसऱ्या कुणाला कामच नाही का? आहे, आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही. पाणी पिऊन बाहेर बसलेल्या बाईला कधी आत घ्यायचं, जेल, प्रोबची स्वच्छता, आधीचे रिपोर्ट हाताशी ठेवणं हे झालंच. पण खरी गोम पीसीपीएनडीटीच्या एफ फॉर्ममध्ये आहे. गरोदर बाईचं नाव, वय, पत्ता, आधीची मुलं किती आणि मुलगे की मुली, कोणत्या डॉक्टरने पाठवलं, शेवटच्या पाळीची तारीख, तपासणीचं कारण. खाली ‘मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ हे तिचं निवेदन आणि आपण ते सांगितलेलं नाही हे डॉक्टरचं. फॉर्म भरण्यातल्या चुकांना गुन्हा मानू नये म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांची ‘फॉग्सी’ ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. 2019 साली न्यायालयाने ते मान्य केलं नाही. एक रिकामा रकाना डॉक्टरला कोर्टाची पायरी चढायला लावू शकतो. नीट फॉर्म भरणारा माणूस डॉक्टरला का हवाहवासा वाटतो, ते यावरून कळावं. तरी एवढ्यासाठी तीन-चार वर्षांची फी भरावी, असं मी म्हणणार नाही.

फी भरायचीच तर ती इमेजिंगच्या पदवीसाठी. एक्स-रे, सीटी आणि एमआरआय ही मशीनं तंत्रज्ञच चालवतात, तिथे त्यांचं स्वतःचं काम असतं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, शिवाय म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत रेडिओलॉजी विभागात डोकावलं, तर हे दिसेल. 2021च्या अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने या पेशाला स्वतंत्र गटही दिला आहे. आणखी एक घोळ: डीएमएलटी ही रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबची पदविका, तिचा सोनोग्राफीशी काही संबंध नाही. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत आणि पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीतही दोन्ही एकच समजणारे पालक भेटतात.

‘मुलीला त्या किरणांत कशाला घालता?’ हा आजीचा प्रश्न. सोनोग्राफीत किरण नसतातच. माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनांच्या ध्वनिलहरी असतात. एक्स-रे आणि सीटीमध्ये किरणोत्सर्ग असतो. म्हणून तिथल्या कर्मचाऱ्याच्या छातीवर टीएलडी बिल्ला असतो, त्याला किती किरण लागले ते त्यावरून ठरावीक काळाने मोजतात, आणि नियम अणुऊर्जा नियामक मंडळाचे असतात. आजीला भीती घालायचीच असेल, तर खांद्याची घालावी. हात लांब करून, प्रोब दाबून तासन्‌तास काम केल्याने खांदा, मान आणि मनगट धरणं हे परदेशी सोनोग्राफरांचं नेहमीचं दुखणं आहे.

परदेशाचा विषय निघालाच आहे. पोर्तुगीज पासपोर्टच्या वाटेने विलायतेला गेलेले नातेवाईक गोव्यात घरोघरी आहेत, आणि ‘तिकडे सोनोग्राफरला मागणी आहे’ हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ब्रिटनमध्ये तो रस्ता बहुधा रेडिओग्राफीच्या पदवीनंतरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून जातो आणि रेडिओग्राफर म्हणून काम करायला एचसीपीसी या नियामक संस्थेची नोंदणी लागते. अमेरिकेत एआरडीएमएस या संस्थेची परीक्षा, आणि तिला बसण्याआधी प्रत्यक्ष रुग्णांवर सोनोग्राफी केल्याचा अनुभव. तोच अनुभव इथे कायद्याने मिळत नाही. तेव्हा विलायतेचा विचार असेल, तर इथून पदवी न्यायची ती इमेजिंगची. प्रोब तिकडे गेल्यावर, तिकडच्या वर्गात हातात येईल.