गरुड, ससा आणि ओंडक्यावरचा माणूस

पक्ष्यांच्या चित्रांचा विषय निघाला, की जॉन जेम्स ऑडुबॉन या अमेरिकन चित्रकाराचं नाव येतंच. १८२७ ते १८३८ या काळात निघालेल्या ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ या त्याच्या ग्रंथात ४३५ चित्रं आहेत आणि सगळे पक्षी खऱ्या मापाचे. फ्लेमिंगो कागदावर मावेना, म्हणून त्याची मान खाली वाकवलेली! पक्षी असे जिवंत, की ते चित्रकारासमोर इतका वेळ स्थिर बसले कसे, हे विचारायचं मला कित्येक वर्षं सुचलं नव्हतं.

ते बसले नव्हतेच. ऑडुबॉन पक्षी बंदुकीनं टिपायचा आणि रंग उतरायच्या आत तारा खुपसून त्याला फळीवर हवा तसा उभा करायचा. फळीवर चौकोन आखलेले, तसेच कागदावर. मापं चुकायची नाहीत. तेव्हा कॅमेरा हाताशी नव्हता. पक्षी जवळून पाहायचा तर मारूनच, अशी ती रीत. आपल्याकडे सालिम अलींची वाटसुद्धा छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीपासूनच सुरू झाली.

पण १८३३ साली बोस्टनमध्ये ऑडुबॉननं एक सोनेरी गरुड विकत घेतला, तो जिवंत. सोडून द्यावा, असंही त्याच्या मनात आलं होतं. शेवटी चित्राचा मोह जिंकला. पिसं खराब होऊ नयेत म्हणून त्यानं बंद खोलीत कोळसा पेटवून धूर केला. काही तासांनी दार उघडून पाहतो, तर गरुड ताठ उभा, त्याच्याकडेच बघत! मग गंधक जाळून झालं. अखेर टोकदार पोलादी सळई त्याच्या काळजात खुपसावी लागली. हे सारं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. चित्राला दोन आठवडे लागले आणि त्या श्रमानं तो आजारी पडला. नुसत्या श्रमानं, हे मला काही पटत नाही.

चित्रात गरुड झेपावतो आहे, पायांत पांढरा ससा, नखी सशाच्या डोळ्यात रुतलेली. आणि खाली कोपऱ्यात, दरीवर पडलेल्या ओंडक्यावरून एक इवलासा माणूस सरकत चालला आहे. पाठीवर बंदूक आणि मारलेला पक्षी. तो ऑडुबॉन स्वतःच, असं जाणकार मानतात.

ग्रंथासाठी हे चित्र लंडनला छापलं गेलं, तेव्हा त्यातला माणूस गाळला. गरुड, ससा आणि डोंगर तेवढे राहिले.