जुनी बुलेट सारखी बंद पडते? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

खापा (ता. सावनेर) : आपल्या भागात अजूनही कितीतरी घरी जुनी बुलेट, राजदूत, येझदी उभी आहे. वडिलांनी घेतलेली गाडी विकवत नाही. वापरायला काढली तर मधेच बंद पडते, हेडलाईट मिणमिणतो. दुरुस्तीला नेली की पहिलं उत्तर ठरलेलं, "बॅटरी गेली."

माझंही तसंच झालं. मागच्या हिवाळ्यात ओलितासाठी रात्रीची लाईन होती. वावराकडे जाताना लाईट पिवळा पडला आणि बुलेट बंद. अंधारात ढकलत घरी आणली. दुसऱ्या दिवशी नवीन बॅटरी टाकली, आठ दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी दोष निघाला एका गंजलेल्या बोल्टमध्ये. बॅटरीची अर्थिंगची तार त्याच बोल्टवर होती. काच पेपरने घासून बोल्ट घट्ट केला, गाडी सुरळीत झाली. बॅटरीचे पैसे मात्र गेले.

म्हणून सांगतो, सामान बदलण्याआधी करंट कुठे अडतो ते शोधा. खालची माहिती पॉइंटवाल्या जुन्या बुलेटची आहे. आरएक्स हंड्रेडसारख्या सीडीआय गाडीला पॉइंट नसतात, तिथे पॉइंटची तपासणी लागू नाही.

१) बॅटरी मोजा
साधं मल्टिमीटर घ्या. गाडी बंद असताना १२ व्होल्टची चांगली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. १२ किंवा त्याखाली असेल तर ती उतरलेली आहे. गाडी ६ व्होल्टची असेल तर ६.३ च्या आसपास हवं. उतरली म्हणजे खराबच झाली असं नाही, आधी चार्ज करून बघा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवा. पाणी कमी असेल तर डिस्टिल वॉटरच टाका, विहिरीचं नको.

२) अर्थिंग बघा
बॅटरीची एक तार फ्रेमला किंवा इंजिनला बांधलेली असते. पावसाचं पाणी आणि धूळ बसून तिथे गंज चढतो. हेडलाईट लावा. बॅटरीच्या त्याच टर्मिनलपासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत एक जाड तार तात्पुरती लावा. लाईट लगेच उजळला तर दोष अर्थिंगचा. काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणून आधी कोणती तार फ्रेमला आहे ते डोळ्याने बघा. चुकून दुसऱ्या टर्मिनलला तार लावली तर शॉर्ट होईल.

३) अँपिअरचा काटा वाचा
हेडलाईटच्या डोक्यावरचा हा काटा शोभेचा नाही. चावी चालू करून किक हळूहळू दाबा. काटा मायनसकडे जाऊन पुन्हा शून्यावर आला पाहिजे. याचा अर्थ पॉइंट जुळतात आणि उघडतात.
– काटा हललाच नाही : फ्यूज, चावीचा स्विच, तुटलेली तार किंवा काळे पडलेले पॉइंट.
– काटा मायनसवरच अडला : पॉइंट उघडत नाहीत, किंवा पॉइंटची तार कुठेतरी बॉडीला लागते.
– काटा बरोबर हलतो, पण प्लगला स्पार्क नाही : कंडेन्सर, क्वाइल, प्लगची कॅप किंवा प्लग.

४) पॉइंट साफ करा
बारीक पॉलिश पेपर फिरवून कोरड्या कापडाने पुसा. पूर्ण उघडल्यावर गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवा, तो फिलर गेजने मोजा. साफ केलेले पॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला. थंड गाडी चालते, गरम झाली की बंद पडते, थांबली की पुन्हा सुरू होते, असं असेल तर कंडेन्सर आणि क्वाइलवर संशय घ्या.

५) चार्जिंग होते का?
इंजिन चालू करून थोडा ॲक्सिलेटर द्या. १२ व्होल्टच्या बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा यायला पाहिजे. आकडा वाढतच नसेल तर नवीन बॅटरीही उतरणारच. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बघा, नाहीतर बॅटरी उकळेल आणि बल्ब उडतील.

हे करू नका
फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळू नका. शॉर्ट असेल तर वायरिंग पेटते, आणि वर पेट्रोलची टाकी असते. जेवढ्या अँपिअरचा फ्यूज होता तेवढ्याचाच टाका. स्पार्क बघताना पेट्रोल गळत नाही ना, ते आधी बघा. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका. पॉइंट जुळलेले असले तर क्वाइल तापते आणि बॅटरी उतरते.

एवढं तपासून मेकॅनिककडे गेलात तर त्याला नेमकं सांगता येईल. कदाचित जाण्याची गरजच पडणार नाही. आणि रात्री वावरात जायचं असेल तर निघण्याआधी एकदा लाईट लावून हॉर्न दाबा. लाईट एकदम मंदावला तर गाडी घरीच ठेवा.