मुलांच्या इतिहासात समुद्र कुठे आहे?

उरण तालुक्यातील जासई एकीकडे खाडीला, दुसरीकडे न्हावा-शेवा बंदराच्या रस्त्याला लागून आहे. इथल्या मुलांना भरती-ओहोटी वेगळी शिकवावी लागत नाही. मात्र लढायांवरील मराठी बालपुस्तके त्यांना प्रतापगड, पावनखिंड, पानिपत येथे नेतात. समुद्रावरच्या लढाईला बहुधा दोन ओळी मिळतात. हे मला अन्यायाचे वाटते. खांदेरीचेच उदाहरण घ्या: १६७९ मध्ये मराठा आरमारातील मायनाक भंडारी यांनी मुंबईजवळच्या या बेटावर तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या इंग्रजांनी वेढा घातला. ऑक्टोबरच्या लढाईत मराठा सेनानी दौलतखानाच्या गलबतांनी इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज पकडले, पण इंग्रज कप्तान कीगविनच्या ‘रिव्हेंज’ या जहाजाने एकट्याने झुंज देऊन मराठा आरमाराला मागे रेटले. तरीही छोट्या मराठी नावा रात्री उथळ पाण्यातून बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. जड जहाजांना त्या सापडेनात आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

मुलांना शूर नायक हवा, वारा-रसद त्यांना कंटाळवाणी वाटेल, असा आक्षेप येईल. पण तोफांच्या माऱ्यात भिंत बांधणारा मायनाक नायक नाही काय? माघारीने मुलांचा अभिमान दुखावेल, ही भीतीही मला पटत नाही. एक लढत हरूनही मोहीम कशी जिंकली जाते, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट कळते. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत आली. बालसाहित्यिकांनी आणि प्रकाशकांनी आता तिच्यावर नकाशांसह स्वतंत्र पुस्तक काढावे.